चाकामागे दगड

ट्रकचा मागचा एक्सल चाक न काढता बाहेर ओढता येतो. मागच्या चाकाच्या मध्यभागी जी गोल लोखंडी टोपी दिसते, तिच्या कडेचे नट सोडायचे, हातोडीचे दोन-चार ठोके द्यायचे, की मीटरभर लांबीचा पोलादी दांडा टोपीसकट हातात येतो. गाडीचं आणि मालाचं वजन त्या दांड्यावर नसतंच. ते बाहेरच्या पोकळ हौसिंगवर आणि हबमधल्या बेअरिंगवर असतं. दांड्यानं फक्त मधल्या क्राउनपासून, म्हणजे हौसिंगमधल्या मोठ्या दातेरी चक्रापासून, चाकापर्यंत फिरकी पोचवायची. त्यामुळे एक्सल तुटला तरी भरलेली गाडी आपल्या टायरांवर तशीच उभी राहते, आणि एक ड्रायव्हर, एक क्लीनर आणि पान्यांची पेटी एवढ्यावर तो रस्त्याच्या कडेला बदलता येतो.

हे मला शाळेत असताना ठाऊक होतं, कारण आमचं घर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, खंडाळ्याच्या बाजूला. हा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, लोणावळ्याजवळचा नव्हे. पुण्याकडून साताऱ्याला जाणाऱ्या गाड्या हा घाट चढून जातात आणि तिकडून येणाऱ्या बोगद्यातून येतात. बोगदा नव्हता तेव्हा दोन्हीकडची वाहतूक या एका घाटात होती. भरलेल्या गाडीचा जो भाग कच्चा असेल तो या चढावर हमखास दगा देतो. क्लच जळतो, एक्सल तुटतो, गिअरबॉक्सपासून मागे फिरकी नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, जातो, पाणी उकळून इंजिनाच्या हेडचं पॅकिंग उडतं. उतारावर एका ब्रेकची धास्ती असते, चढावर बाकी सगळ्याची. दत्त मंदिराच्या वळणावर किंवा खामजाईच्या देवळाजवळ गाडी अडकली की ड्रायव्हर पाण्याच्या कॅनसाठी, दोरखंडासाठी, कधी नुसत्या चहासाठी खाली वस्तीत यायचे. राजस्थानी, पंजाबी, तमिळ, कानडी. आमच्या अंगणात त्यांचं बोलणं अडलेलं मी कधी पाहिलं नाही, कारण तुटलेला भाग हातात असायचा.

माझे वडील, तात्या, मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आधी टाटाची बारा-दहा, नंतर सोळा-बारा. पहिला आकडा मालासकट गाडीच्या वजनाचा, टनात. दुसऱ्याला दहानं गुणलं की इंजिनाची ताकद, ढोबळमानानं. जमशेदपूरला टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, पण ती उघडी, पान्यानं सुटणारी रचना पुढे कितीतरी वर्षं टिकली. महामार्गावरच्या मेस्त्रींच्या पिढ्या त्याच इंजिनावर शिकल्या आणि ड्रायव्हर त्या मेस्त्रींच्या शेजारी बसून शिकले. तात्या सातवीपर्यंत शिकलेले. क्लीनर म्हणून गाडीवर चढले तेव्हा पहिली काही वर्षं त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. हातात पाना आणि ग्रीसचा डबा. गाडी चालवण्याआधी ती उघडायला शिकायची, असा त्या काळचा रिवाज होता, आणि मला तो आजही बरोबर वाटतो.

चढावर गाडी थांबली की पहिलं काम क्लीनरचं. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असतानाच तो उडी मारतो आणि मागच्या चाकामागे दगड लावतो. एक्सल तुटलेला असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नसतो, कारण इंजिन आणि चाकं यांचं नातंच तुटलेलं असतं. सगळी भिस्त ब्रेकवर. म्हणून दगड आधी, विचार नंतर. दोन्ही बाजूंना दगड बसले की मग दुखणं शोधायचं. इंजिन चालू ठेवून क्लीनर गिअर टाकतो आणि क्लच हळूच सोडतो, ड्रायव्हर बाजूला उभा राहून गाडीखाली बॅटरीचा उजेड टाकतो. शाफ्ट फिरतच नसेल तर दुखणं पुढे आहे, क्लचमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये. शाफ्ट फिरतोय, चाकं गप्प आहेत आणि काही आवाज नाही, तर एक्सल. शाफ्ट फिरतोय आणि मागून कटकट आवाज येतोय, तर क्राउनचे किंवा त्याला फिरवणाऱ्या पिनियनचे दात गेले. हौसिंगचं ऑइल थोडं काढून बोटांवर चोळलं की लोखंडाचा कीस लागतो. एवढी तपासणी चहा उकळायच्या आत होते. तिच्यात अंदाजपंचे काही नाही. एकेक शक्यता बाद करत जाणं आहे ते, आणि चांगला डॉक्टरही हेच करतो.

तुटलेल्या एक्सलचा बाहेरचा अर्धा तुकडा सहज येतो. आतला अडकून बसतो. तो काढायला बारीक तारेचा फास करून हौसिंगच्या नळीत सोडायचा, तुकड्याच्या तोंडावर चढवायचा आणि धक्का न देता ओढायचा. फास निसटतो. पुन्हा सोडायचा. या कामाला ताकद लागत नाही, हातातलं मन लागतं. तात्या तेव्हा कोणाशी बोलायचे नाहीत. मी बॅटरी धरून उभी असायचे, आणि त्या सगळ्या वेळात एकच वाक्य कानावर यायचं, "पोरी, उजेड माझ्या तोंडावर नको, नळीत धर." तुकडा बाहेर आला की तो आणि बाहेरचा अर्धा एकमेकांना जोडून बघायचे. सगळं भरलंय ना? एखादी कपची आत राहिली तर नवा एक्सल घातल्यावर ती दातांत जाऊन क्राउन खाते. तुटल्याजागचा रंगही बघायचे. कडेचा भाग काळपट आणि मधला चकचकीत असेल तर भेग जुनी होती, आज फक्त निकाल लागला. सगळाच चकचकीत असेल तर आजच्याच झटक्यानं तुटला. धातुशास्त्राच्या पुस्तकात हीच खूण छापलेली मी पुढे कॉलेजात वाचली.

गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानीच्या पाट्याचंही तसंच. पाटा बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, कारण तिथं पोलाद आधीच कमी झालेलं असतं. निघण्याआधी तात्या हातोडी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक पाट्यावर, प्रत्येक व्हीलनटवर टिचकी द्यायचे. आजी कणगीवर थाप मारून आत किती धान्य उरलंय ते सांगायची, तसं त्या आवाजावरून कुठला नट ढिला आणि कुठला पाटा चिरला ते त्यांना कळायचं. तरी पाटे तुटायचेच. ड्रायव्हरनं कितीही जपलं तरी किती माल भरायचा हे तो ठरवत नाही. २०१८ साली सरकारनं चार टायरांच्या एका एक्सलवरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. कागदावरची मर्यादा वाढली म्हणजे जुन्या गाडीचं पोलाद जाड झालं असं होत नाही. ती पूर्वी चोरून जे वाहत होती, त्यातलं थोडं आता उघड वाहू लागली, एवढंच.

सगळ्यात जड काम क्लचचं. क्लच प्लेट जळली की वास आधी येतो. नाकात बसणारा, कडवट, दोन वळणं खालीपर्यंत येणारा. घाटात राहणाऱ्यांना तो वास आला की रस्ता तुंबणार हे कळतं. प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा, आणि तो दोन माणसांना पेलणारा नसतो. जॅकवर जाड फळी ठेवून, वरून दोरखंडानं तोलून, इंच-इंच मागे सरकवत तो खाली आणतात. खरं कसब परत चढवताना. नवी प्लेट बरोबर मध्यावर बसली नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्यात शिरत नाही, आणि ते कळतं ते सगळं वजन पुन्हा छातीच्या उंचीवर आणल्यानंतर. म्हणून जुना शाफ्ट किंवा तेवढ्याच जाडीचा घडवलेला लाकडी दांडा आधी प्लेटमध्ये घालून ती मध्यावर आणतात, मग बोल्ट आवळतात. चाकणहून कांदा भरून कोल्हापूरला निघालेली तात्यांची गाडी एकदा याच कामासाठी रात्रभर घाटात उभी होती. माझी आई पिठलं-भाकरी घेऊन गेली तेव्हा तात्या गिअरबॉक्सखाली होते आणि क्लीनर ताडपत्रीची एक बाजू सोडत होता. बंद ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटतो, आणि एकदा ओला झालेला कांदा बाजारात कोणी हातात धरत नाही. गाडी दुरुस्त करता करता मालही जगवायचा असतो. शिवाय राखायचा असतो, कारण गाडी सोडून गेलं की मागून पोती उतरतात. म्हणूनच ड्रायव्हर मेस्त्रीकडे जात नाही, मेस्त्रीला बोलावतो. आणि मेस्त्री येईपर्यंत, किंवा आलाच नाही तर, स्वतः खाली शिरतो.

पार्टचीही एक वेगळीच वाट होती. गाडीत एक्सल, मेन पाटा, क्रॉस, फॅनबेल्ट असे थोडे सुटे भाग असायचे. जे नसेल त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून किंवा एसटीडी बूथवरून साताऱ्याला, कऱ्हाडला, कोल्हापूरला कळवायचं. दुकानदार तो भाग पोत्यात बांधून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. मग क्लीनर स्टँडवर थांबून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारत राहायचा. ओळख नाही, पावती नाही, तरी क्राउन-पिनियनसारखी महागडी वस्तू जागेवर पोचायची. कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये वाहनांचे सुटे भाग ओततात, तेव्हा कधीकधी जिथं ओतलं त्याच रस्त्यावर ते तुटलेलं असायचं आणि तिथूनच नवं यायचं.

इंटरनेटवर अशा दुरुस्त्यांचे व्हिडिओ खूप पाहिले जातात, आपल्याकडचे आणि पाकिस्तानातले. अनवाणी माणूस मातीत बसून इंजिन उघडतोय, आणि खाली जगभरातून वाहवा. मला ते बघवत नाहीत. माती दिसते, पाय दिसतात, पण हेडचे बोल्ट तो मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं आवळतोय हे कोणी पाहत नाही. तसं नाही आवळलं तर हेड वाकतं आणि पॅकिंग आठवड्यात पुन्हा उडतं. सुटलेला प्रत्येक बोल्ट पोत्यावर ज्या क्रमानं काढला त्याच क्रमानं मांडलाय, हेही कोणी पाहत नाही. सिलिंडरचा लायनर, म्हणजे आतली नळी, बदलताना खालची रबरी रिंग पिळली गेली तर पाणी ऑइलमध्ये उतरतं, म्हणून तो ती साबणाच्या पाण्यानं ओली करून बसवतो. वर्कशॉपमध्ये पांढऱ्या उजेडात, गणवेश घालून हेच करणाऱ्याला आपण तंत्रज्ञ म्हणतो. रस्त्यावरच्याचं कौतुक मात्र आपण त्याच्या गरिबीचं करतो. त्याच्या हातात जे आहे ते नेमकं, कसोटीला उतरलेलं ज्ञान आहे, आणि ते वापरायला आपण त्याला दिलेली जागा म्हणजे डांबराच्या पांढऱ्या पट्टीपासून गटारापर्यंतची तीन फुटांची कड.

त्या कडेवर माणसं मरतात. तात्यांचे काही नियम होते आणि ते मोडलेले त्यांना चालायचे नाहीत. गाडीखाली शिरायचं ते डाव्या बाजूनं. पाय रस्त्याकडे कधी नाहीत. नुसत्या जॅकवर शिरायचं नाही. चासीखाली लाकडी ठोकळे, नाहीतर आडवी स्टेपनी सारायची, मग आत. "जॅक आपला सोयरा न्हाय," असं म्हणायचे. टायरमध्ये हवा भरताना टायरला डिस्कवर धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगसमोर उभं राहायचं नाही, आणि रिंगेतून टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, आडवी घालून ठेवायची. नीट न बसलेली रिंग हवेच्या दाबानं सुटली तर ती माणसाला वाचवत नाही. गाडीच्या मागे लांबवर झाडाच्या फांद्या टाकायच्या, कारण त्या काळात लाल त्रिकोण कोणाकडे असायचा? आणि निघताना रस्त्यावरचे दगड उचलायचे. हा शेवटचा नियम ते सगळ्यात कडक पाळायचे. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात चाकामागचे दगड तिथेच सोडून गेलेले ड्रायव्हर त्यांनी पाहिले होते, आणि रात्री त्याच दगडावर आदळलेला मोटारसायकलवालाही. त्यांच्याबरोबरीचा एक ड्रायव्हर सुरूरच्या पुढं स्वतःच्याच गाडीखाली होता, तेव्हा मागून येणाऱ्या टेम्पोनं त्या गाडीला धडक दिली. त्याच्या घरी तात्या गेले, मी नाही गेले. परत आल्यावर ते अंगणात बसून राहिले आणि पान्यांची पेटी पुसत राहिले.

आणि हे सगळं कोणाच्या हिशेबात? १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरले. ट्रिपवर पैसे घेणाऱ्या ड्रायव्हरच्या आयुष्यात ते तास कधी उतरलेच नाहीत. गाडी चालते तेव्हा भत्ता. गाडीखाली घालवलेल्या रात्रीचं काहीच नाही. उलट माल उशिरा पोचला म्हणून भाड्यातून कापलेले पैसे फिरून त्याच्याच अंगावर येतात. दुरुस्तीत बोट चेंगरलं तर तो त्याचा हलगर्जीपणा, दुरुस्ती जमली तर मालकाचं मेस्त्रीचं बिल वाचलं. तात्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पुरती वळत नाही. आजही त्यांच्या नखांच्या कडा काळ्याच आहेत. डिझेल, मग माती, मग साबण, या क्रमानं धुऊनही ते ऑइल निघालं नाही.

आता रस्ते रुंद झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे, आणि वेगाच्या रस्त्यावर ती असायलाच हवी. पण महामार्गावरचा मेस्त्री नेहमी मोटारसायकलवरूनच यायचा. मागे पार्ट बांधलेला, पुढे टाकीवर पान्यांची पिशवी. त्याचा रस्ता बंद करताना त्याच्या जागी कोण येणार, हे पुरेसं ठरवलं गेलं नाही. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, क्रेन येते, गाडी कडेला घेते. गाडी कडेला घेणं ही रस्त्याची गरज झाली. कडेला घेतल्यानंतर ड्रायव्हर पुन्हा एकटाच, आणि आता त्याच्या शेजारून जाणाऱ्या गाड्या पूर्वीच्या दुप्पट वेगात.

माझा चुलतभाऊ नव्या गाडीवर आहे, बारा टायरी. १ एप्रिल २०२० नंतरच्या, धुराच्या बीएस-सहा नियमांत बसणाऱ्या गाड्यांमध्ये इंजिनाचा कारभार सेन्सर आणि कॉम्प्युटर पाहतो, धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं, आणि ते संपलं किंवा त्याचा सेन्सर बिघडला की गाडी आपणहून ताकद कमी करते. डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या दिव्याला पान्याचं उत्तर नाही. लॅपटॉप घेऊन कंपनीची व्हॅन येईपर्यंत थांबायचं. हवा स्वच्छ होत असेल तर मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही, तात्यांची छाती काय झाली आहे ते मी रोज ऐकते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेही उशिरा का होईना चांगलंच झालं. पण चुलतभाऊ सांगतो की दिवा नाही लागला तरी गाडी अडतेच. टायर, पाटा, ब्रेकचा पाइप यांना सेन्सरनं काही फरक पडलेला नाही. उलट आता ब्रेकचा पाइप फुटून हवा गेली की मागची चाकं स्प्रिंगनं जाम होतात. सुरक्षिततेसाठी हे चांगलंच आहे. मात्र गाडी जिथं असेल तिथं, मधल्या लेनमध्ये असली तरी, खिळून बसते. ती बाजूला घ्यायची तर चाकांना दगड लावून, खाली शिरून, ब्रेक चेंबरचा बोल्ट एकेक आटा फिरवत स्प्रिंग मागे ओढावी लागते. हे त्याला कोणी शिकवलं? लायसन्सच्या परीक्षेत नाही, कंपनीच्या प्रशिक्षणातही नाही. तात्यांनी. आमच्याच अंगणात, उभ्या गाडीखाली दोघं झोपून.

तात्या आता गाडी चालवत नाहीत. सुट्ट्यांच्या दिवसांत घाट तुंबतो, गोव्याला आणि महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या वस्तीपर्यंत येते आणि हॉर्न सुरू होतात. पुढे कुठेतरी एक ट्रक बंद असतो. रांगेतल्या लोकांच्या तोंडी त्या ड्रायव्हरसाठी जे शब्द येतात ते मी ऐकले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला गाडीतून उतरून त्यांना सांगावंसं वाटलं आहे, की या क्षणी या घाटात लवकरात लवकर निघायची घाई सगळ्यात जास्त त्यालाच आहे.

खंबाटकीला आता नवे जुळे बोगदे होताहेत. ते वापरात आले की हा चढ सुटेल, आणि घाटातला तो जळका वास कमी होईल, याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. पण दुसऱ्या टोकाला वाईकडची चढण आहे, पुढे साताऱ्यापर्यंतचा रस्ता आहे, आणि भरलेल्या गाड्या तिथंही अडणारच. तात्यांना विचारलं की बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी काय पाहिजे, तर ते बोटावर मोजतात: दोन गाड्या पाठोपाठ उभ्या राहतील एवढी, रस्त्यापासून खरोखर आत घेतलेली जागा, जॅक रुतणार नाही अशी सपाट सिमेंटची जमीन, तिच्यात आणि रस्त्यात कठडा, रात्रभर उजेड, नळाला पाणी, मेस्त्रीला गावाच्या बाजूनं आत यायला एक फाटक. यातलं काहीच अवघड नाही. ज्या आराखड्यात टोलनाक्याची एकेक खिडकी मोजून काढलेली असते, त्यात ही जागा बसते. मी हे सगळं एका कागदावर उतरवून महामार्गाच्या कार्यालयाला लिहिलं आहे, खाली तात्यांची सही घेतली आहे, आणि चुलतभाऊ तो कागद गाडीत ठेवून पुढच्या ढाब्यांवर इतर ड्रायव्हरांच्या सह्या जमवतो आहे.